अण्णाने दिलेला पाच-नऊ

१ फेब्रुवारी

हिचे गुडघे कसे? — जिना दोनदा चढली, दुसऱ्यांदा माझ्यावर ओरडत. म्हणजे बरे. मुलाचा खोकला? — गेला. सूनबाईची पाठ? — तुमचा पसारा उचलून धरली आहे, म्हणते. पसारा आवरा, पाठ सुटेल. माझा रक्तदाब? — गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणजे घेतली असणार. अण्णा कसा आहे? — ठाऊक नाही.

दोन वर्षं रोज ही हजेरी मांडतो आणि शेवटच्या ओळीशी अडतो. सख्खा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर बाडबिस्तरा बांधून मुलाकडे निघाला — सहाशे किलोमीटर! जन्मभर एका गल्लीत राहिलो, माझं डोकं फिरलं. तो गाडीत बसत होता तेव्हा म्हणालो, "जा. पण हात हलवत परत आलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला अक्कलही नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही, माझाही नाही. फोन करायचा तर आधी माफी मागायला हवी. मोटारींचं वाइंडिंग आपलं आपण शिकलो, हे एक शिकायचं राहून गेलं.

३ फेब्रुवारी

रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सोल्डर आणायला गेलो. तो सहज म्हणाला, "तुमचे थोरले बंधू रोज सकाळी आठच्या बैठकीत असतात की!"

बैठक म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर गावोगावचे जमतात, एकजण सूत्रधार असतो, पाळीपाळीने बोलतात. अण्णा जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. त्यानेच मला परीक्षेला बसवून परवाना काढायला लावला. पण संच त्याचा, गच्चीवरची तार त्याची, मी आपला शेजारी बसून चहा पिणारा परवानाधारक. तो गेला तेव्हा संचही गेला.

वाटेत विचार केला. फोनवर "कसा आहेस" म्हटलं की पुढचं बोलावं लागतं. रेडिओवर बरं — सगळे ऐकत असतात म्हणून भांडता येत नाही, आणि अडचण आली की "ओव्हर" म्हणून बटण सोडून द्यायचं. माझ्यासारख्या भित्र्यासाठीच काढलेलं यंत्र!

७ फेब्रुवारी

घेतला! वापरलेला, विटेएवढा, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. ताकद पाच वॅट — अण्णाच्या संचापुढे हत्तीपुढे उंदीर. आधीचा मालक तो घेऊन डोंगर चढायचा म्हणे. मी तो हातात घेऊन हलवला, कानाशी धरला, भोकांत फुंकर मारली. गाय घेणारा दात बघतो तसा. बॅटरी मूळचीच आहे का, असं फार जाणकाराच्या आवाजात विचारलं. दुरुस्तीवाला म्हणाला, मूळचीच आहे, म्हणून तर मेली आहे.

सोबत पीळ गेलेल्या वायरीचा माइक आणि एक पत्र्याचा डबा. डब्याचं नाव डमी लोड. संच तपासताना तार जोडायची नाही, हा डबा जोडायचा. बोललेलं सगळं तो गिळतो, जरासा कोमट होतो, बाहेर काही जाऊ देत नाही. असा माणूस घरात एखादा हवा, असं ही म्हणाली. माझ्याकडे बघून.

८ फेब्रुवारी

दिवसभर गच्चीवर. वाइंडिंगची उरलेली तांब्याची तार टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणली. जोड दिला, मीटर लावला — मेलेलं! अर्धा तास मीटरला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, तारेचं वार्निश खरवडलंच नव्हतं. "आधी खरवड, मग जोड" हे पन्नास वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. दिव्याखाली अंधार तो हाच.

मेलेल्या बॅटरीच्या जागी नवे सेल सोल्डर केले. हिने माझा जुना रेनकोट कापून संचाला पिशवी शिवली. माइकसाठी वेगळा खिसा. मी मागितला नव्हता तरी. "भावजींना माझा नमस्कार सांगा, आणि पहिल्याच दिवशी शहाणपणा करू नका," एवढंच म्हणाली.

१० फेब्रुवारी

चाचणी. आधी डबा जोडून, मग तार जोडून. तार मापाची नसली तर पाठवलेली ताकद उलटी फिरते आणि मीटरचा काटा उठतो. माझा काटा जागचा हलला नाही! अण्णाच्या तारेलासुद्धा इतका गुणी काटा नव्हता. स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. हात पोचला नाही म्हणून सूनबाईला थोपटायला सांगितली.

डब्याची आणि तारेची, दोन्ही केबली काळ्या, एकसारख्या. खुणेला दोरा बांधायला हवा. उद्या.

११ फेब्रुवारी

आठला पाच कमी असताना बसलो. संचात नुसती खरखर, तीही मऊ. हाक दिली. पहिल्यांदा स्वतःचंच कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओनाव, चुकलो. दुसऱ्यांदा बटण दाबायला विसरलो. तिसऱ्यांदा एकदाचं जमलं.

आणि अण्णा आला! स्वच्छ, खणखणीत, तोच जहाजी आवाज.

"आपला आवाज पाच-नऊ. ओव्हर."

मला आपला! आयुष्यभर बारक्या म्हणून हाक मारली त्याने. पण पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी, आणि अण्णा गुण देण्यात महाचिक्कू. समोरचा कानात ओरडला तरी पाच-सातच्या वर चढत नसे. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा हिचा नमस्कार, आणि मग बराच वेळ नुसतं "बरं, बरं".

सूत्रधाराला मी ऐकू येत नव्हतो, मलाही तो येत नव्हता. अण्णा म्हणाला, "हरकत नाही, मी पुढे सांगतो."

१४ फेब्रुवारी

चार दिवस झाले. मला ऐकतो फक्त अण्णा, मला ऐकू येतो फक्त अण्णा. माझी उपपत्ती अशी, की तार नेमकी त्याच्या गावाच्या रोखाने ताणली गेली आहे. ठरवून नव्हे, हाताला वळणच तसं! दुरुस्तीवाल्याला ही उपपत्ती सांगितली. त्याने डोकं खाजवलं. विद्वानांपुढे लोक खाजवतातच.

आज घरातल्या सगळ्यांच्या तब्येती एकेक करून सांगितल्या. अण्णाने त्या जशाच्या तशा बैठकीला पोचवल्या. धाकट्या बंधूंच्या सौभाग्यवतींचे गुडघे आता बरे आहेत, हे एव्हाना पंचवीस गावांना माहीत आहे. कुणीतरी तेल सुचवलं, तेही अण्णामार्फत आलं. ही दिवसभर बोलली नाही. मग संध्याकाळी तेलाचं नाव विचारलं.

तिकडची हवा विचारली. दाट धुकं आहे, म्हणाला. इथेही धुकंच! सहाशे किलोमीटर नुसतं धुकं, विमानं कशी उडत असतील.

१७ फेब्रुवारी

माफीचं आजही राहिलं. ओव्हर म्हणून मोकळा झालो.

२१ फेब्रुवारी

आज तोंड लपवायला जागा नाही.

ही रोज सकाळी गुडघ्याच्या मलमाची बाटली माझ्या टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवायची. आज बाटली घ्यायला आली आणि म्हणाली, "तुम्ही बोललात की हा डबा छान कोमट होतो. मलम लगेच पातळ होतं."

मी वाकून बघितलं. संचाला डबा जोडलेला. गच्चीवरच्या तारेची केबल कपाटामागे लोंबकळते आहे, तोंडावर प्लास्टिकची टोपी तशीच. दहा दिवस — दहा दिवस! — मी डब्यात बोलत होतो. काटा हलणार कसा? डबा गुणीच असतो.

हिला समजावून सांगितलं. ती पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "जगात नाही तर नाही, तुमचा रेडिओ निदान माझ्या गुडघ्यापर्यंत तरी पोचला." सूनबाईने ते मुलाला ऑफिसात फोन करून सांगितलं. मीही हसलो. दुपारी जेवताना पुन्हा हसलो.

हात धुताना नळाखाली हात तसाच राहिला.

मग अण्णाला कसं ऐकू गेलं?

डब्यातून आणि जुन्या केबलीतून झिरपून बाहेर पडणारं ते किती — दोन गल्ल्या, फार तर तीन. त्यापुढे ते कुणाच्या कानाला लागणार नाही. अण्णाच्याही नाही.

२२ फेब्रुवारी

हिला रात्री सगळं सांगितलं. ती हसली नाही. सकाळी संच रेनकोटाच्या पिशवीत घालून माझ्या खांद्याला तिनेच अडकवला.

हातभर तार लावून आठ वाजता निघालो. अण्णाचा आवाज आला. संचावरचा, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारा काटा बघत चालू लागलो. औषधाच्या दुकानाशी काटा निम्म्यावर. पिठाच्या गिरणीशी खाली पडला, म्हणून मागे फिरलो. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत शिरलो आणि काटा टोकाला टेकला. दुमजली इमारत. गच्चीवर तार, नीट ताणलेली, अण्णाच्या हातची. खिडकीत एकच सदरा वाळत घातलेला.

तो बैठकीत विचारत होता, "धाकटे बंधू आज आलेले दिसत नाहीत. कुणाला ऐकू आले का?" कुणी काही म्हणालं असावं. तो म्हणाला, नाही, ते चुकत नाहीत, आपण थांबू.

आवाज दोनदा येत होता. एकदा पिशवीतून, एकदा खिडकीतून.

बटणावर बोट होतं. दाबलं नाही. वर गेलो असतो तर त्याने काय करायचं होतं, खाली बघायचं? माझ्याकडे येऊ नकोस हे मीच सांगितलेलं. लाँड्रीवाल्याला विचारलं, वरचे आजोबा कधीपासून? तो म्हणाला, आठ महिने झाले, मुलगा परदेशी गेला म्हणे; फार सज्जन माणूस, कुणाकडे जाणं नाही की येणं नाही.

घरी आलो. ही दारातच उभी होती. तिने खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

२३ फेब्रुवारी

आमच्या हौशी लोकांत रीत आहे — पहिल्यांदा बोलणं झालं की पोचपावतीचं कार्ड धाडायचं. तारीख, वेळ, रिपोर्ट, संचाची ताकद, शेरा. मी दहा दिवस बोललो आणि कार्ड धाडलं नाही. रीत म्हणून का होईना, लिहायला बसलो. पाच कार्डं फाडली. सहाव्यावर ताकदीच्या रकान्यात लिहिलं, "पाच वॅट, डब्यात." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "त्या दिवशी बोललो ती चूक माझी."

दोन वर्षं अडलेलं वाक्य. रकान्यात मावलं.

लाँड्रीमागच्या जिन्याखालच्या पेटीत टाकलं आणि चोरासारखा पळालो. या वयात पळालो म्हणजे भरभर चाललो.

२४ फेब्रुवारी

दाराखालून कार्ड आलं आहे. अण्णाचं अक्षर, अगदी सरळ ओळी:

"बारक्या, डब्यात बोलतोस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. इतक्या जवळून खरा रिपोर्ट तीन-एक. चाळीस वर्षांत एकच खोटा पाच-नऊ दिला, तो तुला. सांगितलं असतं तर कुठून ऐकलं हेही सांगावं लागलं असतं. तू येऊ नको म्हणालास म्हणून आलो नाही. बोलू नको असं म्हणाला नव्हतास. उत्तर लवकर दे — टपालाने नको, पायी घेऊन ये."