बाबांची जराशी सर्दी

प्रिय रॉय,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाहीये. लिहायला बसते, उठते, किटली ठेवते, चहा करते, तो प्यायचा राहतो, गार झाला म्हणून ओतून देते आणि परत किटली. माझा नवरा शेवटी वैतागून म्हणाला, "अगं बाई, एक तर बस, नाही तर बाहेर फिरून तरी ये!" म्हणून बसलेय.

"या खेपेला जमणार नाही, ते घर फार थंड आहे," असं लिहिलंस. बस्स, एवढंच. थंड म्हणजे नेमकं काय रे? आपल्या इंग्रजीत 'कोल्ड' हा एकच शब्द आहे आणि तो सगळीकडे चालतो. हवेला तोच, उरलेल्या चहाला तोच, नाक गळायला लागलं तरी तोच, आणि माणूस मायेचा शब्द बोलत नसेल तर त्यालाही तोच. पर्थच्या उन्हात बसून तू कशाबद्दल बोलतोयस? भिंतींबद्दल असेल तर जादा ब्लँकेटं मी देते. बाबांबद्दल असेल तर मात्र जरा ऐकून घ्यावं लागेल.

भिंती आहेत तशाच आहेत. ऑक्टोबरअखेरीस हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतल्याशिवाय हीटिंगला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियमही तोच, मग डोंगरावरून बर्फ का येईना. थंडी वाजते म्हटलं की "स्वेटर घाल". घातलाय म्हटलं की "मग दुसरा घाल". लहानपणी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ जमायचा आणि आपण त्यावर नखानं नावं कोरायचो, आठवतं? आई ओरडायची. बाबा मात्र येता-जाता तुझ्या नावाला हळूच एक शेपूट काढून जायचे. तू ते विसरलास की मुद्दाम विसरलास, देव जाणे.

आईला पुरलं तो दिवस मी विसरलेले नाही. सगळा गाव आपल्या बैठकीत हॅम आणि पाव खायला जमलेला, शेजारच्या ओल्ड्रॉइडबाई ताटल्या फिरवतायत, आणि तू सगळ्यांदेखत बाबांना म्हणालास, "तुमच्या अंगात रक्त आहे की गार पाणी? एक टिपूस नाही डोळ्यांत!" लोकांचे घास हातातच राहिले. आणि बाबा काय म्हणाले, तर "चहा गार होतोय, पिऊन घे." तू कप तसाच ठेवून निघालास, तो थेट ऑस्ट्रेलिया गाठलंस. मलाही त्यांचा संताप आला होता. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू! पण नंतरचं तुला कुणी सांगितलं नाही. तुझा कप त्यांनी कुणालाच उचलू दिला नाही. ओल्ड्रॉइडबाई म्हणाल्या, "विल्फ, आता आवरू दे की," तर म्हणाले, "राहू दे. येईल तो." अंधार पडेपर्यंत तो कप तिथंच होता.

आता खोकत असतात. विचारलं की "जराशी सर्दी आहे". डॉक्टर तिला सर्दी म्हणत नाहीत. छाती भरलीय, घर उबदार ठेवा, नाही तर हिवाळा कठीण जाईल, असं मला बाजूला घेऊन बजावलंय. बाबांनी त्यांना अदबीनं दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून म्हणाले, "दक्षिणेकडच्या उबेत वाढलेलं पोरगं ते, त्याला काय कळतंय!"

काल दुपारी तुझं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून, टोपी कानांवर ओढून बसले होते, नाक लालभडक. वर पांघरूण आणायला गेले, तुझ्या खोलीचं दार ढकललं आणि तोंडावर ऊब आली. विजेचा छोटा हीटर चालू. चादरीची कड दुमडून ठेवलेली, आत गरम पाण्याची पिशवी, चांगली कढत. वसंतात तू "ऑक्टोबरात येईन" असं लिहिलं होतंस, ते मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ओल्ड्रॉइडबाई म्हणतात, सप्टेंबर लागल्यापासून रोज हे चाललंय.

मी भडकलेच. खाली येऊन म्हटलं, "स्वतः कुडकुडताय आणि रिकामी खोली तापवताय? डोकं ठिकाणावर आहे का?" तर वर न बघता म्हणतात, "अंथरूण शेकून काढतोय. इतकी वर्षं कुणी निजलेलं नाही तिथं, दमट झालंय. उन्हाच्या देशातून येणाऱ्या पोराला ओल्या गादीत निजवू? आजारी पडायचा." पाहुणा यायचा असला की आधी आठवडाभर अंथरूण शेकणं हे आईचं काम होतं. आपल्या बाबांनी उभ्या जन्मात कधी उशीसुद्धा झटकली नव्हती, रॉय.

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. वाचून दाखवणारच होते, त्यासाठी तर गेले होते. तेवढ्यात त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी घाबरले. ती ओसरली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांनी! आणि विचारलं, "येतोय ना गं तो?"

मी हो म्हणाले. नुसतं हो नाही, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, असा वारसुद्धा सांगून बसले. आज सकाळपर्यंत त्यांनी केस कापून घेतले, खाटकाला त्या रविवारसाठी मेंढीचा पाय बाजूला काढायला सांगितला आणि "पोरगा येतोय" हे त्याच्या दुकानात सगळ्यांना ऐकवून आले. जो माणूस गावात कधी घरचं एक वाक्य बोलला नाही, तो! म्हणून हे पत्र. मी दिलेला शब्द फिरवणार नाही, माझ्याच्यानं ते होणार नाही. यायचं नसेल तर मला लिहू नकोस, त्यांना फोन कर आणि तुझ्या तोंडानं सांग. ते तुला ओरडणार नाहीत. "बरं" म्हणतील, फोन ठेवतील आणि वर जाऊन ती पिशवी भरतील. ये रे.

तुझीच,
थेल्मा