निसर्गरम्य मार्गावरचे बाण

२ फेब्रुवारी, रविवार

आमच्या मोटरसायकल ग्रुपने पुढच्या रविवारची राइड मी लीड करावी असे ठरवले. दाताच्या डॉक्टरचे म्हणणे होते की हायवेने जावे, खावे, परत यावे. ज्याचे आयुष्य लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेले, त्याला क्षितिज काय कळणार? मी ‘निसर्गरम्य’ या संज्ञेची व्याख्या करून तिची तीन अंगे उलगडू लागलो. दुसऱ्या अंगाच्या मध्यावर सलूनवाला म्हणाला की पोटात कावळे कोकलताहेत, सरांना काय हवे ते देऊन टाका. एकमताने मंजूर.

राइड यशस्वी झाली तर कायमचा लीडर मी, फसली तर डॉक्टर. फसण्याचा प्रश्नच नाही. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मार्गाची पाहणी. कालव्याच्या कडेचा जुना रस्ता अप्रतिम. मात्र वस्तीत शिरताच तो चिंचोळा होतो आणि वळणे घेतो. मागचा रायडर चुकू शकतो. उपाय: चुन्याची बादली व ब्रश. प्रत्येक वळणावर घराच्या भिंतीवर बाण काढला, बाणाशेजारी क्रमांक टाकला. दोन मोटरसायकली शेजारी-शेजारी मावतील का हे कळावे म्हणून भिंतीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत टेपने मोजले आणि तो आकडाही फुटांत भिंतीवरच लिहिला. पद्धतशीर काम म्हणतात ते हे.

एका आजीबाईंनी हे कशासाठी म्हणून विचारले. सविस्तर सांगणार होतो, पण घाई होती. रविवारी सकाळी आम्ही सगळे येणार आहोत, कोणी आडवे येऊ नये, एवढेच सांगितले. त्यांनी बादली उचलून माझ्या डोक्यात घातली. या वयात हाताला कंप असतोच.

चुना कॉलरमधून आत गेला. पाठ भाजली आहे. मलम लावताना बायकोने विचारले की अहो, त्यांना राइडचे सांगितलेत का. बाण हा स्वयंस्पष्ट असतो, हे मी तिला समजावून दिले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व बाण खरवडून काढलेले आढळले. पुन्हा काढले, या खेपेस लाल ऑइल पेंटने.

लोहाराच्या भिंतीवर बाण काढत असता तो बाहेर आला. कोणाच्या हुकमाने, असे त्याने विचारले. माझ्याच, असे मी उत्तर दिले. त्याने कानाखाली वाजवली. हिंसेने प्रश्न सुटत नाहीत, हे मी त्याला उदाहरणांसह सांगितले. त्याने दुसऱ्या कानाखाली वाजवली. म्हणजे ऐकत होता. त्याच्या भावाने हातोड्याने माझे दोन्ही आरसे फोडले, आणि कुत्र्याने पँटचा एक भाग, आतल्या मजकुरासह, नेला.

निष्कर्ष: ऑइल पेंटच्या वासाने माणसे चिडखोर होतात. कुत्रीही.

डावा कान बंद झाला आहे. राइडमध्ये वाऱ्याचा आवाज कमी येईल, हा फायदाच.

८ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

कालव्यापलीकडून दुर्बिणीने अंतिम पाहणी. वस्तीच्या तोंडाशी मोठी गर्दी. पुरुष ओंडके ओढून आणत होते, बायका भरलेल्या टोपल्या गच्च्यांवर चढवत होत्या. कमान उभारून वर फुले टाकण्याचा बेत असावा. डोळे पाणावले.

ग्रुपवर मेसेज टाकला: स्वागत होणार आहे. वेग कमी, हेल्मेटची काच वर, चेहरा हसरा ठेवावा.

बरोबर आलेली बायको दुर्बीण घेऊन म्हणाली की स्वागताला कुऱ्हाड कोण आणतो. ओंडके काय हाताने तोडायचे, असे मी विचारले. तिने दुर्बीण माझ्या हातात परत दिली. उद्या माझ्या मागे बसून येणार नाही म्हणाली. डॉक्टरने कळवले की तो सर्वांत शेवटी राहील. पराभूताने आपली जागा ओळखलेली बरी.

९ फेब्रुवारी, रविवार, हॉस्पिटल

घटना क्रमाने नोंदवणे आवश्यक आहे.

प्रथम टोपल्यांतले दगड. उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, हे डोक्यावर घेतल्याशिवाय खऱ्या अर्थाने पटत नाही. काचा वर होत्या, सूचनेप्रमाणे. सलूनवाल्याच्या नाकाचे हाड मोडले. तो जमिनीवर पडून दगड मारणाऱ्यांना सोडून मलाच शिव्या देत होता. मागच्या मोटरसायकली पुढच्यांवर चढल्या. आमच्या ग्रुपमधल्या शिंप्याने तुटलेला सायलेन्सर गरगर फिरवून दोघांना आडवे केले, मग चौघांनी त्याला. कुणी कुऱ्हाडीने टायर फाडत होते. आजीबाई काठीने दिसेल त्याचे गुडघे फोडत होत्या, हाताला कंप अजिबात नव्हता.

अशा वेळी लीडरने बोलले पाहिजे. मी ओंडक्यावर चढून बाणांची पद्धत समजावू लागलो. तिसऱ्या वाक्याला लोहाराची मूठ आली. जबडा दोन ठिकाणी मोडला.

मग डॉक्टर हेल्मेट काढून, हात वर करून चालत पुढे आला. दोनच वाक्ये बोलला. रस्ता रुंद होणार नाही, घरे कोणी पाडत नाही. आमच्या सरांना वाट चुकण्याची भीती वाटते, म्हणून त्यांनी भिंती रंगवल्या. भिंतींवर फूट आणि क्रमांक पाहून ती माणसे चार रात्री पहारा देत बसली होती म्हणे. डॉक्टरचे बोलणे विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत अपुरे होते. तरी मारामारी थांबली. आजीबाईंनी सलूनवाल्याच्या नाकाला ओले फडके लावले, सर्वांना चहा दिला. लोहाराने मला आणखी एक ठेवून दिली. ही रंगाची, असे म्हणाला.

एकंदरीत, निसर्गाविषयी कोणाचीही तक्रार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जबडा तारांनी बांधला. बांधणारा डॉक्टर तोच. सहा आठवडे बोलणे बंद.

तार पिळता पिळता त्याने विचारले की यापुढे राइड त्यानेच लीड करावी ना, हरकत असेल तर आत्ताच बोला. माझ्या पाच हरकती होत्या, पैकी दोन मूलभूत. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग बायको म्हणाली की यांची काही हरकत दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खिडकीत बसलो होतो. ग्रुप हायवेकडे निघाला. पुढे डॉक्टर. त्याच्या मागे माझी मोटरसायकल, वर बायको. काल तिने किल्ली मागितली तेव्हा मी नाही म्हणू शकलो नव्हतो.

खिडकीखालून जाताना तिने सर्वांदेखत डावा हात बाहेर काढला. मी भारावून उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवले.

मग ती डावीकडे वळली.