प्रत्येक पुलावर हाक मारावी

मी, लोंग छंगफा, वय चोवीस, मूळ गाव क्वेइचौच्या डोंगरातलं शिजाय, सध्या फोशानला नव्या इमारतींत फरशी बसवण्याच्या कामावर, आज पूर्ण शुद्धीत आणि काहीही न पिता हे लिहून ठेवतो. या वयात मृत्युपत्र कशाला, असं खोलीतले विचारतात. माझा मित्र फान युनखाय तेवीसचा होता. आम्ही शाळा एकाच दिवशी सोडली, सातवीत. फेब्रुवारीत तो झोपला आणि सकाळी उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. हृदयाची त्याने कधी तक्रार केली नव्हती. गुडघ्यांची करायचा.

एक. गावचं घर आईवडिलांचं आहे. त्यात माझी फक्त मोरीची फरशी. ती वाकडी आहे, तेव्हा मी शिकत होतो. कोणी उखडू नये.

दोन. थापी, पाणसळ आणि टाइल कापायची मशीन धाकटी बहीण शियू हिला. ती विकेल. विकू दे. रबरी हातोडी विकायची नाही, ती युनखायची आहे.

तीन. युनखायच्या आईने दिलेली आंबवलेल्या मिरचीची बरणी खिडकीत आहे. अर्धी उरली आहे. ती कोणी उघडू नये. मीही उघडत नाही.

चार. मुकादम ल्यो यांना माझं काहीही मिळू नये. त्यांनी मागितलेलं नाही, तरी लिहितो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी युनखायच्या खाटेवर शाओ वनबिन नावाचा माणूस आणला. "गादी बदललीय," म्हणाले. वनबिन बिचारा चांगला आहे. घोरतो, पण युनखायसारखं नाही. आणि युनखायची रक्षा गावी पोचवायला निघालो तेव्हा मुकादम म्हणाले, "जलद गाडीने जा. परवा कामावर ये."

पाच. परमुलखात वारलेल्या माणसाला आमच्याकडे घरी नेताना प्रत्येक पुलावर हाक मारावी लागते. नाहीतर तो नदीच्या अलीकडेच थांबतो. जलद गाडीत मी रक्षेची पेटी मांडीवर घेऊन बसलो. "युनखाय, पूल आला, चल," म्हणेपर्यंत पूल संपून बोगदा लागायचा. बोगदा संपला की पुन्हा पूल.

शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "भाऊ, फोनवर जरा हळू बोला."

"फोन नाहीये."

"मग कोणाशी बोलताय?"

मी पेटी दाखवली. तो मागे जाऊन बसला.

युनखायला घाई कधी जमली नाही. बस सुटायची तेव्हा हा शेंगदाणे घेत असायचा. त्याची आई फोनवर म्हणते, "स्वप्नात आला नाही रे अजून. त्याचा आजा तर लगेच आला होता, विळा कुठे ठेवलास विचारायला." म्हणजे तो वाटेत कुठेतरी राहिला आहे.

म्हणून माझ्या मरणानंतर माझी रक्षा संथ हिरव्या गाडीने न्यावी, प्रत्येक पुलावर आम्हा दोघांची नावं घ्यावीत, आणि तो जिथे उभा असेल तिथून त्यालाही सोबत घ्यावं.

दुरुस्ती. साक्षीसाठी खानावळीच्या थांग काकूंना बोलावलं. त्यांनी ओले हात पुसून सगळं वाचलं.

"म्हणजे तू म्हातारा होऊन मरेस्तोवर त्या पोराने नदीवर उभं राहायचं?"

"म्हातारा होईनच असं नाही."

"तोंड बघ. हिरवी गाडी आत्ता बंद पडलीय का?"

"ती दुसऱ्या रुळांनी जाते, काकू."

"नद्या त्याच ना? मग ऐकू येईल त्याला. जरा मोठ्याने ओरड."

काकूंचं म्हणणं मान्य. पुढच्या आठवड्यात छिंगमिंग आहे, सगळे पितरांची थडगी झाडायला गावी जातात. मी हिरव्या गाडीने जाईन. तिच्या खिडक्या उघडतात. मुकादम रजा देणार नाहीत, मी मागणारही नाही.

सबब कलम पाच रद्द. मला कोणत्याही गाडीने न्यावं. पुलावर कोणी काही बोललं नाही तरी चालेल. पलीकडून युनखाय हाक मारेल.

लिहून देणार: लोंग छंगफा (सही)
साक्षीदार: थांग गुइलान, खानावळ (सही)
शाओ वनबिन, वरची खाट (सही)
फोशान, २९ मार्च २०१९