दहातली पाच चित्रं

मेक्सिको शहर, कोलोनिया रोमा
६ सप्टेंबर २०११

चि. नाबोर यास,

आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण पावसाळ्यात तो दुखणारच. तुझी ब्रिहिदा बरी असेल. तू तर उत्तमच असणार. दिवसभर तव्याशी उभं राहणाऱ्या माणसाच्या डोक्याला कसला ताप?

फोनच करणार होतो. पण माझा आवाज ऐकला की तू "दादा, तेल तापलंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. आठ वर्षं तुझं तेल तापतंच आहे. म्हणून पत्र.

कामाचं सांगतो. नोव्हेंबरात इथल्या एका संग्रहालयात पन्नासच्या दशकातल्या आपल्याकडच्या अमूर्त शिळाछाप चित्रांचं प्रदर्शन भरतंय. माझ्या संग्रहाशिवाय ते भरूच शकत नाही, हे तिथल्या व्हियाल्बा बाईंनी स्वतः कबूल केलं. बाई परदेशात शिकून आल्यात. माझ्याकडचं एक चित्र दोन्ही हातांत धरून विचारतात, "डॉन एव्हारिस्तो, याची वरची बाजू कुठली हो?" मी म्हटलं, "बाई, चित्रकार पेन्सिलीने सही करतो ती खालच्या कडेला. सही असेल ती खालची बाजू. एवढं कळलं की अमूर्त कला निम्मी कळली." बाईंनी ते लिहून घेतलं! अशांच्या हाती संग्रहालयं आहेत.

बाकीचे संग्राहक म्हणवणारे तर विचारूच नकोस. रविवारी लागुनियाच्या जुन्या बाजारात भेटतात सगळे. एक दातांचा डॉक्टर आहे, तो कोचाच्या कापडाचा तुकडा खिशात घेऊन येतो आणि चित्राला लावून रंग जुळतो का पाहतो. एक अमेरिकन येतो, तो टेपने भिंत मोजून आलेला असतो. सही खरी का, एवढंच सगळे विचारतात. चित्र कसं आहे हे विचारणारा मी एकटा. गाढवाला गुळाची चव काय, दुसरं काय.

तर मुद्दा असा. अठ्ठावन्न साली दहा चित्रकारांचा जो संच निघाला होता, नऊ बाप्ये आणि दहावी आपली आई, तो पूर्ण स्वरूपात आज कुणाकडेच नाही. लोकांनी फोडून एकेक चित्र विकून खाल्लं. आपल्या घरात एक पूर्ण होता. तो तू फोडलास.

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. सहा जानेवारीचा राजांचा पाव कापायला आपण बसलो होतो. पावात दोन-तीन इवली बाहुली-बाळं दडवलेली असतात, त्यातलं ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने फेब्रुवारीत सगळ्यांना मक्याचे तामाले खाऊ घालायचे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तुकडे वाटून झाल्यावर, तोंडात घास असताना, तुला अक्कल सुचली. "दादा, ज्याला बाळ मिळेल त्याने चित्र पहिलं निवडायचं. मग आळीपाळीने." आणि लगेच तुझ्या तुकड्यात बाळ निघालं! तू आईचं चित्र उचललंस. झालं, पाच तुझी, पाच माझी.

आता तू आठ वर्षं सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतोस की पहिलं बाळ माझ्याच तुकड्यात निघालं होतं, आणि तामाल्यांचा खर्च चुकवायला मी ते गालात दडवलं होतं, म्हणून मला निवडायला तोंड उघडता आलं नाही. पुन्हा एकदा लिहून देतो. गालात होतं ते पावातलं सुकं अंजीर होतं.

तुझी पाच चित्रं मला प्रदर्शनापुरती पाठव. आईच्या चित्राचं मला काही अप्रूप आहे असं समजू नकोस. कलेच्या दृष्टीने दहांत तेच सगळ्यांत कच्चं. सगळं वजन वर गोळा झालंय, आता डोक्यावर कोसळेल असं. पण संच म्हणजे संच. तू ती खानावळीत टांगून त्यांच्यावर चरबीची पुटं चढवली असशीलच. ती मी स्वच्छ करून घेईन.

जाता जाता, तुझ्या चौकटी मागून उघड्या आहेत की बंद? भिंतीला ओल आहे का? सहज विचारतो.

एव्हारिस्तो सामानो
संग्राहक


मेक्सिको शहर
१७ सप्टेंबर

चि. नाबोर यास,

आशीर्वाद. परवा स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांनी झोप लागली नाही. तुझी खानावळ त्या दिवशी तुडुंब भरली असेल. देशभक्ती आपल्या लोकांच्या पोटातूनच सुरू होते.

मी पत्र लिहिलं, उत्तरादाखल तू तामाले पाठवलेस. टोमणा कळला. फेब्रुवारी नसताना तामाले पाठवायचे म्हणजे मला आठवण करून द्यायची. वर कागदी रुमालावर तीन शब्द: "दादा, येऊन बघ." आईने तुला शाळेत घातलं होतं, हे या रुमालावरून कुणाला सांगूनही पटणार नाही.

तुझा वाढपीही तुझ्यासारखाच. दारात उभा राहून माझ्या भिंतींकडे बघत म्हणतो, "सगळं कपाटात ठेवलंय होय? मग तुम्ही बघता काय?" मी त्याला चरबीबद्दल दोन शब्द सुनावले, तर म्हणतो, "मालक म्हणतात, दगडावर चित्र काढतात ते पण चरबीच्याच खडूने. ती चरबी चालते, आमची चालत नाही का?" हे वाक्य तुझं नाही, आईचं आहे. आईची वाक्यं चोरायची आणि वाढप्याकडून म्हणवून घ्यायची, यापलीकडे तू काय करणार!

बघणं आणि जतन करणं यातला फरक तुम्हा लोकांना कळायचा नाही. माझी चित्रं पोलादी खणात आहेत. खणाला चारी बाजूंनी रबराची पट्टी. ती बसवून घेतली तेव्हा कारागीर म्हणाला होता, यातून मुंगीसुद्धा जाणार नाही. आत उजेड नाही, धूळ नाही, कुणाचा हात नाही. गेली कितीतरी वर्षं ती चित्रं कुणी पाहिलेली नाहीत. मीसुद्धा नाही. याला म्हणतात जतन.

व्हियाल्बा बाईंना मात्र खण उघडून हवाय. आठवड्यातून दोनदा फोन. "डॉन एव्हारिस्तो, निमंत्रणपत्रिकेवर 'प्रथमच पूर्ण संच' असं छापायचंय, एकदा डोळ्यांखालून घातलं असतं." मी सांगतो, हवा दमट आहे, आज नको. त्या म्हणतात, उद्या? मी म्हणतो, उद्याही दमट असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ते असू दे. तुझ्या चित्रांवर ठिपके आलेत का? तपकिरी, मसुरीएवढे? कडांपाशी बघ. नसतील तर नसतील, त्यासाठी वेगळा रुमाल पाठवायची गरज नाही.

तुझ्या खानावळीत मी पाऊल ठेवणार नाही. तेलाचा वास कोटातून आठवडाभर जात नाही.

तामाले ठीक होते. आईच्या हातच्यापेक्षा मीठ कमी. टाकून देणं जिवावर आलं म्हणून सगळे संपवले.

एव्हारिस्तो


मेक्सिको शहर
२ ऑक्टोबर

प्रिय नाबोर,

ब्रिहिदाने तुला सांगितलंच असेल. सांगितलं नसेल तर ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे, आणि तशी ती आहेच.

काल मी आलो होतो. तू भाजीबाजारात गेलेला असतोस ती वेळ साधून आलो. तुझ्या उपदेशाशिवाय मला बघायचं होतं. ब्रिहिदाने तव्यामागून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, भाऊजी! जेवायला आलात की भांडायला?"

"बघायला," मी म्हटलं.

"मग आधी जेवा. रिकाम्या पोटी माणसाला सगळं वाईटच दिसतं."

अशी तुझी बायको. मी बसलो. भिंतीवर पाच चौकटी, आणि त्यांच्याखाली पाच टेबलं. तुझा तो वाढपी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, "काळ्याखाली दोन सूप!" "भुताच्या डोळ्याखाली भात!" ज्या चित्रासाठी मी लागुनियात माणसांशी बोलणं टाकलंय, ते चित्र तुझ्याकडे टेबलाचा नंबर आहे. शेजारी एक गॅरेजवाला हात न धुता जेवत होता, तो मला म्हणतो, "साहेब, तुम्ही भुताच्या डोळ्याखाली बसू नका, तिथे वारा लागतो. मी सहा वर्षं काळ्याखालीच बसतो. बरं वाटतं." का बरं वाटतं, विचारलं. म्हणाला, "ते माहीत असतं तर मीच चित्रं काढली असती." बाईंपेक्षा बरं उत्तर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय.

मग वाढपी ओरडला, "आईखाली एक मोले, तिखट जास्त!"

मी वळून पाहिलं. तव्यासमोरच्या भिंतीवर आईचं चित्र. आणि उलटं! सही वरच्या कडेला, पाय छताला. आठ वर्षं! मी उभा राहून ओरडलो, "ब्रिहिदा, हे उलटं टांगलंय!" जेवणारे सगळे थांबले. ब्रिहिदा कांदा चिरत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"भाऊजी, सुलटंच आहे. सही उलटी आहे."

तिला आईने सांगितलं होतं. तुला आणि मला नाही, सुनेला. सह्या करायच्या दिवशी छापखान्यात नऊ चित्रकार जेवायला बसले होते, आणि दहावी त्यांना वाढत होती. सगळ्यांचं वाढून झाल्यावर हिला हाक मारली. हात पुसत आली आणि उभ्याउभ्या पहिल्या प्रतीवर सही केली. कडा पाहिलीच नाही. केल्यावर लक्षात आलं. पण त्या नऊ जणांसमोर "चुकलं" कोण म्हणणार? तिने उरलेल्या सगळ्या प्रतींवर त्याच कडेला, ठाशीव अक्षरात सही केली, जणू तसंच करायचं होतं. जन्मभर कुणाला बोलली नाही. म्हातारपणी याच खानावळीत दुपारी गिऱ्हाईक नसलं की संचातून ते काढायची, सही वर करून फळीवर उभं करायची आणि तव्यापाशी बसून बघायची. मी त्या वेळी चित्रांच्या लिलावांतून फिरत होतो.

"चुकलं" न म्हणणं आपल्या घराण्यात कुणाकडून आलंय ते कळलं.

मग मी आईच्या त्या जागेवर, तव्यापाशी बसलो. आई दिसली, आभाळ दिसलं, असलं काही नाही. माझ्या कोचवाल्या डॉक्टरला दिसेल तसलं मला दिसत नाही. पण जे वजन वर गोळा झालंय म्हणून मी आयुष्यभर त्या चित्राला कच्चं म्हणत आलो, ते सगळं खाली नीट बसलेलं होतं. भक्कम. दहांत तेच सगळ्यांत पक्कं, नाबोर. मला इतकी वर्षं कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं. डोळ्यांना पाणी आलं. ब्रिहिदा कांदा फार जाड चिरते.

आता ठिपक्यांचं. तू ओळखलंच असशील. ऑगस्टमध्ये प्रदर्शनासाठी म्हणून मी खण उघडला. आतून ओल्या फडक्याचा वास आला. मुंगी जाणार नाही अशा त्या रबराने ओल आत कोंडून ठेवली होती. पाचही चित्रांना बुरशी. एकाची तर सहीच खाल्लीय, नुसता पांढरा डाग उरलाय. तुझी पाच मात्र तव्याच्या उबेत कोरडी, ठणठणीत. वर तेलाचा हात आहे, तो काय, पुसला जाईल. मला पूर्ण संच हवा होता तो या पाचांची लाज त्या पाचांमागे झाकायला, आणि आईचं नाव एकदा तरी संग्रहालयाच्या भिंतीवर लागावं म्हणून. दोन्हीतलं खरं कारण कुठलं, ते तू विचारू नयेस म्हणून मी तुला शिव्या देत होतो.

बाईंना कळवलंय की संच येणार नाही. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. बाई फोनवर इतक्या ओरडल्या की मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. शेवटी मी म्हटलं, आईचं एक चित्र मिळू शकेल, भावाला विचारावं लागेल. पाटीवर नाव येईल: ओतिलिया सामानो, १९५८. मालक: नाबोर सामानो. माझं नाव कुठे नको. आणि ते सही वर करूनच टांगायचं. मीच त्यांना सही खाली म्हणून सांगितलं होतं, आता मीच उलट सांगणार. बाई तेही लिहून घेतील.

नको म्हणालास तरी चालेल. तिथे टेबलाचा नंबर बदलेल, ही अडचण मी समजू शकतो.

माझी पाच चित्रं या पत्रासोबत टॅक्सीने पाठवतोय. बुरशी साफ करून घेतलीय, डाग जायचे नाहीत. उरलेल्या भिंतीवर लाव. गिऱ्हाइकांना मिरी सांडल्यासारखं वाटेल, वाटू दे. दहाही एका भिंतीवर राहतील. आता संच पूर्ण असलेला आपल्या देशातला एकमेव माणूस एक आचारी आहे, हे त्या लागुनियातल्या शहाण्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यांची तोंडं बघायची आहेत मला.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला येतो, तू असशील त्या वेळी. तामाले माझ्याकडून. घरच्यांना, वाढप्याला, त्या गॅरेजवाल्याला, जो कुणी बसलेला असेल त्या सगळ्यांना.

ते सुकं अंजीरच होतं.

आईखालची जागा माझ्यासाठी धरून ठेव.

तुझा दादा