अव्वाचे मिटलेले डोळे

अव्वा, उखळात शेंगदाणे कुटताना तुझ्या मुसळाचा आवाज आधी कोरडा यायचा, मग तेल सुटू लागलं की ओला, जड. तो मला आजही ऐकू येतो. तुझी पाठ दिसते, मनगटावरचं गोंदण दिसतं, तिखटानं लाल झालेली बोटं दिसतात. चेहरा मात्र दिसत नाही. तू गेलीस तेव्हा मी मराठी दुसरीत. पुढं शाळेत आईवरच्या कविता घडाघडा म्हणायचो, मास्तर पाठ थोपटायचे. आता वाटतं, त्या कवितांतल्या आईला चेहराच नव्हता, म्हणून ती कुणालाही चालायची.

तुझा फोटो एकच. आपल्यात माणूस गेलं की बसवतात, विभूती लावतात, हार घालतात. तसं तुला भिंतीला टेकवून बसवलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा फोटो निघाला, तो डोळे मिटलेला. पुढं माझा धंदाच तो झाला. मंद्रूपहून, बार्शीहून लोक असेच फोटो घेऊन येतात, डोळं तेवढं उघडून रंगवून द्या म्हणतात. मी विचारतो, डोळे कुणासारखे होते? मग ते लेकीला नाहीतर भावाला माझ्यापुढं बसवतात. कुणालाच सांगता आलं नाही, तर माझ्या हाताला सवयीची एक जोडी आहे, शांत, जराशी ओली. घरचे समाधानानं जातात.

तुझं चित्र मात्र वर्षानुवर्षं रखडलं. आरशात पाहिलं, तर माझे डोळे अप्पांचे. परवा हरून तीच सवयीची जोडी तुला लावली, आणि तू तू राहिलीच नाहीस. कुण्या गिऱ्हाइकाची आई झालीस. आज पुसणार होतो. तुला सांगून पुसावं, म्हणून हे लिहायला बसलो.

एवढ्यात दारात अक्का, तुझी थोरली लेक. अप्पांच्या माघारी आमचं बोलणं तुटलं. गेल्या दुष्काळातही मैंदर्गीहून जिचा निरोप आला नाही, ती काठी टेकत उभी. "अव्वाचा फोटो दाव की रं," म्हणाली. "तिचं तोंडच आठवंना झालंय मला." मग माझ्यामागच्या चित्राकडं तिचं लक्ष गेलं आणि ती उंबऱ्यावरच बसली.

"हीच की. अश्शीच बगायची."

अजून तिथंच बसून ती तुझ्याशी कानडीत बोलते आहे. पुसायची चिंधी माझ्या हातात आहे. अव्वा, हे डोळे तुझे नाहीत, असं मी तिला म्हणालो नाही.