आईच्या चित्राची बोली

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, मी बरी आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? ऑफिसात नव्या खुर्च्या आल्यात, पाठीला जरा आराम आहे.

आईने काढलेलं चित्र मंगळवारी आमच्या ऑनलाइन लिलावात गेलं, हे तुला कळलंच असेल. कुठल्याशा कंपनीने घेतलं. आता ते खोक्यात बंद होऊन गोदामात पडेल. तू बोलीच्या अर्जात लिहिलेल्या आकड्याच्या बरंच खाली सुटलं.

सोमवारी तू फोनवर म्हणालास, "तुमच्याकडच्या कुणीतरी माझा अर्ज फेटाळलाय. जरा बघशील?"

मी म्हणाले, "बघते."

बघण्यासारखं काही नव्हतं, दादा. मोठ्या लिलावाआधी बोली लावणाऱ्यांची पत तपासायची, हेच माझं काम. तुझा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. नातेवाइकाचा अर्ज शेजारच्या बाईंकडे द्यायचा, असा नियम आहे. मी दिला नाही.

तुझ्या बँकेतला माणूस म्हणाला, "घर तारण ठेवून कर्ज मागितलंय त्यांनी. मंजुरी शुक्रवारी येईल." अशा वेळी आम्ही अनामत घेऊन बोली लावू देतो. गेल्याच महिन्यात एका दंतवैद्याला लावू दिली. तुला मी विचारलंसुद्धा नाही.

तुझं घर वाचवलं, असं दोन दिवस मनाला सांगत होते. ते खोटं आहे. चित्रात तू आहेस, सात वर्षांचा, खिडकीत बसून बुटाची नाडी बांधतोयस. आईने मला कधीच काढलं नाही. तुझ्याकडे आले की ते भिंतीवर दिसत राहणार, एवढंच तेव्हा मनात आलं, आणि मी 'नामंजूर' केलं.

काल चित्राची बांधाबांध चालली होती तिथे जाऊन उभी राहिले. बांधणाऱ्या माणसाने ते उलटं केलं. मागे आईच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "धाकटी मांडीवर झोपली आहे. उठता येत नाही, म्हणून खिडकीचा वरचा कोपरा रंगवायचा राहिला."

तो म्हणाला, "बाई, जरा सरकता का?" मी सरकले.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगून टाकलं. नोकरी राहीलसं वाटत नाही. चित्र काही परत येत नाही.

तुझा अर्ज नाकारणारी,
तुझी धाकटी