ओल्या पॉलिशवरची धूळ

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तेच! डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचा दरवाजा आज परत घासायला घेतला. सकाळी पॉलिशचा हात मारून झाला होता, लाकूड अजून ओलं होतं, आणि तेवढ्यात पत्र्यापलीकडे ग्रिलवाल्याने ग्राइंडर लावला. लोखंडाची काळी भुकटी वरच्या फटीतून आली आणि बसली जाऊन दरवाजावर. तीळ लावल्यासारखा दिसत होता दरवाजा.

यांनी परत पॉलिशपेपर घेतला आणि बसले घासत. मी जिन्यात उभी राहून सगळं बघत होते. वर येऊन पाहते तर भाजी करपलेली. लेक म्हणाली, "आई, राग त्यांचा आणि जेवण आमचं का जाळतेस?"

८ जानेवारी, बुधवार

आज सगळं लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल.

खाली यांचं पॉलिशचं दुकान, वर आम्ही. शेजारी त्या ग्रिलवाल्याचं वर्कशॉप, मागच्या खोलीत तो आणि त्याची आई. मधे एक पत्रा. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. मशीन लावायच्या आधी तो पत्र्यावर दोन थापा मारायचा. हे लाकडावर चादर टाकायचे, स्पिरिटच्या कॅनची झाकणं लावायचे आणि इकडून थाप द्यायचे. मग तो मशीन लावायचा. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. आपोआप पडलेली रीत. कधी कधी तर दोघं दिवसभर एकमेकांचं तोंडही पाहायचे नाहीत, नुसत्या थापा.

मागच्या महिन्यात एका दुपारी तो दुकानात धावत आला. म्हातारीला दम लागला होता, तिला उचलून गाडीत बसवायला दुसरा माणूस हवा होता. "जरा येता का," म्हणाला. आणि हे नेमके एका फळीवर शेवटचा हात मारत होते. शेवटच्या हाताला पॉलिशमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा मधेच थांबला की तिथेच चिकटतो, डाग पडतो, सगळी फळी पहिल्यापासून. म्हणून हात चालू असताना हे कुणाशीच बोलत नाहीत. लेक वर्गात पहिली आली तेव्हा ती नाचत सांगायला गेली होती, तर हे फळीच्या टोकापर्यंत पोहोचले आणि मग म्हणाले, "छान." ती अजून त्यावरून चिडवते यांना.

तर हे टोकापर्यंत गेले, बोळा उचलला, मान वर केली. तो निघून गेला होता. रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाने म्हातारीला उचललं.

त्या दिवसापासून थाप बंद.

११ जानेवारी, शनिवार

जेवताना परत विषय काढला. म्हटलं, जा ना त्याच्याकडे, एक वाक्य तर बोलायचंय. "हात चालू होता, ऐकलं पण थांबता आलं नाही, चुकलं." झालं! एवढ्याने काय जीभ झिजणार आहे?

तर म्हणतात, "त्याला माहीत नाही का? इतकी वर्षं शेजारी आहे."

म्हटलं, नसेल माहीत. तो लोखंडवाला माणूस, त्याला बोळ्याचं काय कळणार?

"मी मुद्दाम केलं, असं त्याला वाटलंच कसं?"

म्हणजे हेच रुसून बसलेत! पन्नाशीचा माणूस. ताट उचललं आणि हात धुवायला गेले. भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान उठून तरी जात नाही.

१५ जानेवारी, बुधवार

त्याने ग्राइंडर आता अगदी पत्र्याला खेटून मांडलाय. काल ठिणगी फटीतून आत आली आणि स्पिरिटच्या चिंध्यांजवळ पडली. यांनी पायाने विझवली. मी पाहिलं म्हणून, नाहीतर यांनी मला सांगितलंही नसतं. वर आम्ही झोपतो, खाली कॅनच्या कॅन.

यांनी फटीवर ताडपत्री ठोकली. आज सकाळी पाहिलं तर ती उभी फाडलेली. मी सरळ चौकीत गेले. हवालदार आले, आमच्याकडे चहा प्याले, मग त्याच्याकडे चहा प्याले, आणि म्हणाले, "दोघंही समजूतदार माणसं आहात. आपसात मिटवा." दोन कप चहा गेला आणि मशीन होतं तिथेच.

१६ जानेवारी, गुरुवार

यांनी नवी ताडपत्री ठोकली. त्याने पत्र्यावर लाथ घातली. दुकानातल्या बाटल्या हलल्या. हे घासत होते ते घासतच राहिले.

१८ जानेवारी, शनिवार

शेवटी मीच गेले. हे माल आणायला बाहेर पडले होते. म्हातारीने दार उघडलं. फार वाळली आहे. "ये गं, बस," म्हणाली. तोही तिथेच होता, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवलेला. मी बोळ्याचं सगळं सांगितलं. थांबलं की चिकटतं, हे तसे आमच्याशीसुद्धा बोलत नाहीत, मान वर केली तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. लेकीचा किस्साही सांगितला. म्हातारी हसली. तो नाही हसला.

"वहिनी, माझी आई माझ्या हातात निळी पडत होती," म्हणाला. "आणि ते फळी पुसत होते."

तो खोटं कुठे सांगत होता!

मी उठले तर दारापर्यंत आला. आवाज उतरला होता. "तुम्ही सांगितलंत ते पटतंय मला. पण त्यांना येऊ दे. माफीबिफी नको. नुसते येऊन बसले तरी चालेल. मी दुसऱ्या दिवसापासून थाप मारतो."

खरं सांगते, रडायला आलं मला. इतकं सोपं होतं!

रात्र व्हायच्या आतच यांना सांगितलं. वाटलं, हायसं वाटेल यांना. तर चेहरा पडला. "तुला कुणी जायला सांगितलं होतं? माझ्या वतीने गयावया करून आलीस?" जेवले नाहीत. माझंही जेवण गेलं. हा माणूस आहे की काय आहे? समोरचा दार उघडून उभा आहे आणि हे उंबऱ्यावर अडून बसलेत.

२० जानेवारी, सोमवार

आमचंही बोलणं बंद. पलीकडे मशीन, अलीकडे हे. लेक म्हणते, मीपण पत्र्यावर थापा मारून चहा मागू का?

२१ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दरवाजावर बोट फिरवलं. आत अडकलेली भुकटी आता गंजलीय, तांबूस ठिपके उठलेत. बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. "राहू द्या, मी दुसरीकडे बघते. इतक्या दिवसांत तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. यांच्या हातच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

त्या गेल्यावर यांनी पॉलिशपेपर उचलला नाही. नुसते दरवाजासमोर बसून राहिले. पलीकडे तो कुणाशी तरी हसत बोलत होता. आमच्यावर हसत नसेलही, पण ऐकू आलं.

आणि मग मी सुटले. दुकानात उभी राहून, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. लाकडात राहून राहून लाकूड झालात म्हटलं. इथे बसून घासण्यात सगळा जन्म घालवा, म्हटलं, पण दहा पावलं चालून त्याच्या दारात जाल तर शपथ! बायकोने जायचं, लेकीने चिडवायचं, हवालदाराने यायचं, तुम्ही मात्र जागचे हलू नका.

यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, लागलं वाटतं मनाला. बरंच झालं. थोडं लागायलाच हवं.

२३ जानेवारी, गुरुवार

गेले! आत्ता, दुपारी. खिडकीतच उभी राहून लिहितेय. दुकानातून बाहेर आले, घटकाभर रस्त्यावर उभे राहिले, आणि वळले त्याच्या दाराकडे. पाठमोरे दिसले मला. हाक मारणार होते, पण म्हटलं नको, उगाच मागे फिरतील.

मशीन थांबलं. म्हणजे बोलताहेत. चहा टाकते, दोघांनाही खाली नेऊन देते.

२५ जानेवारी, शनिवार

ग्रिलवाला दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही. हे कोठडीत आहेत. हातात लाकूड तासायची धारदार पटाशी होती, ती मला वरून दिसली नाही. मीच यांना पाठवलं.

पोलिसांनी म्हातारीला विचारलं, भांडण कशावरून पेटलं, आधी कोण काय बोललं. मी तिथेच होते. ती म्हणाली, कुणीच काही बोललं नाही. हे दारात दिसल्याबरोबर तिच्या मुलाने मशीन बंद केलं, पँटला हात पुसले आणि यांना बसायला स्टूल पुढे ओढलं.